पंखा बंद कर जरा

काल दुपारी अडीचला दार वाजलं. एप्रिलात परभणीत दुपारी अडीचला कोणी कोणाचं दार वाजवत नाही, कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही, (जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतात ते उन्हाबद्दल नसावं, पण असलं तरी चालेल), आणि हा वरच्या रूमवर राहणारा पोरगा डोक्याला टॉवेल गुंडाळून, लॅपटॉप छातीशी धरून उभा.

"काका, डोंगल लागंना."

डोंगल! सिमकार्ड घालून लॅपटॉपला खुपसायचं, नेट देणारं ते बोटाएवढं यंत्र. किती वर्षांनी ऐकला हा शब्द. एखाद्याची अडचण ऐकून इतका आनंद व्हायला नको खरं तर, पण झाला.

त्याचं असं, की गावाकडं बहिणीचे फॉर्म भरायचे चालू आहेत, घरात मोबाईल एकच आणि तो दिवसभर बापाबरोबर शेतात, म्हणून ह्यानं कुणाचं तरी जुनं डोंगल आणि सेकंडहॅंड लॅपटॉप जमवलाय, रविवारी गावी नेऊन द्यायचाय. लॅपटॉपवर विंडोज रांगत होतं म्हणून दुकानदारानं त्याच्याजागी कुठलं तरी हलकंफुलकं लिनक्स टाकून दिलंय. "मित्राच्या लॅपटॉपवर चालतंय की ओ, मग माझ्याच्यावरच कामून चालंना?"

मी म्हणलं बस. चष्मा लावला, आणि पहिलं काम काय केलं तर म्हणलं, पंखा बंद कर जरा.

आतून आवाज आला, "झालं का सुरू? आता त्या लेकराला उकडून मारा."

तिचं बरोबरच आहे. नेट जोडताना मला पंखा चालत नाही. टीव्ही नको, कोणी बोललेलं नको, मिक्सर तर नकोच. ऐकू आलं पाहिजे. काय ऐकू आलं पाहिजे, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला तिला सांगता आलेलं नाही.

डायलअपच्या काळात, फोनच्या तारेवरून नेट लागायचं तेव्हा, ह्याला अर्थ होता. तो छप्पन केबीपीएसचा डबा, म्हणजे मोडेम, आधी नंबर फिरवायचा, मग पलीकडून शीळ यायची, मग दोघं मिळून खरखर, किंकाळ्या, पत्रा ओढल्यासारखा आवाज, आणि मग एकदम शांत. शांत झालं की लागलं. पुढं पुढं तर आवाजावरून कळायचं की आज काही खरं नाही, ठेव. तो आवाज बंद करायची सोय होती, एटी एम झिरो एवढा हुकूम त्याला पाठवला की स्पीकर गप, पण मी ते कधी केलं नाही. आणि मग डोंगल आलं. ते मुकं. नुसतं एक लाईट लुकलुकणार. तरी मी पंखा बंद करून वाकून बसायचो त्याच्यापाशी.

ही खोड आज्जीची.

गंगाखेडला आमच्या वाड्यात आड होता आणि आडावर आजोबांनी बिडाचा एक छोटा हापसा बसवलेला. खालचा वॉल गळका. रात्रभर पाईपातलं पाणी हळूहळू खाली उतरायचं आणि सकाळी दांडा धरला की नुसता खटक खटक, हाताला वजनच लागायचं नाही. मग त्याला वरून तांब्याभर पाणी पाजायचं. आतलं चामड्याचं वायसर भिजून फुगायचं, धरायला लागायचं, पहिले चारपाच हात कोरडे, आज्जी डावा हात वर करून सगळ्यांना गप करायची, "थांबा रे, ऐकू द्या", आणि कान असा पाईपाकडं. मग पोटातून घुर्र असा आवाज वर यायला लागायचा, दांडा जड व्हायचा, आणि भस्सकन पाणी. तिला आवाजावरून अजून किती हात लागतील ते कळायचं. आम्हाला वाटायचं आज्जी हापशाशी बोलते.

तर तो तांब्या. हापशाचा तांब्या वेगळा होता, देवळीत, वर फुलपात्र पालथं घातलेलं. त्याला कोणी हात लावायचा नाही. तहान लागून जीव गेला तरी त्यातलं प्यायचं नाही. आणि एका मे महिन्यात मी दुपारचा गोदावरीच्या वाळूतनं खेळून आलो, पाय भाजलेले, घरात सगळे झोपलेले, रांजण तळाला गेलेला, आणि मी तो तांब्या अर्धा प्यालो आणि अर्धा पायावर ओतला. काय गार वाटलं म्हणून सांगू.

चारला आज्जी उठली. देवळीत हात घातला. तांब्या हलका लागला तशी तिनं माझ्या ओल्या पावलांकडं बघितलं, बोलली काहीच नाही. रिकामा तांब्या घेऊन शेजारी गेली आणि वाटेत ओट्यावर बसलेल्या दोघीतिघींनी विचारलंच, "का ओ, घरात हापसा आसून पाणी मागायलाव?" मी मागं मागं. ती परत आली, ओतलं, ऐकलं, पाणी आलं. आणि पहिली धार आली तिच्याखाली तिनं आधी तो तांब्या धरला, भरला, देवळीत ठेवला, फुलपात्र घातलं. मग बाकीच्या घागरी.

(नंतर कोपऱ्यावर सरकारी हापसा आला, इंडिया मार्क टू. त्याचं सिलिंडर खाली पाण्यातच बुडालेलं असतं, त्याला वरून काही पाजावं लागत नाही. चुलतभावानं तिला ते नीट समजावून सांगितलं. ती हो हो म्हणाली आणि मरेपर्यंत त्याच्यावर आधी चूळभर पाणी शिंपडत राहिली.)

हे सगळं मला २०१० साली आठवलं होतं, पहिलं डोंगल घेतलं तेव्हा. उबंटू म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, त्याची सीडी त्या काळात पोस्टानं फुकट घरी यायची, २०११ पर्यंत यायची, ती मी मोठ्या तोऱ्यात टाकली होती. डोंगल खुपसलं. स्क्रीनवर काय आलं, तर सीडीचं चित्र! मोडेम नाहीच, सीडी. आत विंडोजचं सॉफ्टवेअर. म्हणजे ही वस्तू आधी सीडी असल्याचं सोंग करते, विंडोज तिच्यातनं ड्रायव्हर घेतं, मग ती सोंग उतरवून मोडेम होते. लिनक्सला ते ड्रायव्हर काही नको असतं, पण सोंग उतरव असं तिला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा एक छोटासा प्रोग्रॅम आहे, यूएसबी मोडस्विच. माझ्याकडं तो नव्हता. तो कुठं मिळतो? नेटवर.

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

तांब्या रिकामा! मग काय, गेलो शेजारी. म्हणजे सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये, पेनड्राईव्ह घेऊन. फाईल आणली, टाकली, तर म्हणे आधी टीसीएल नावाचं दुसरं सॉफ्टवेअर पाहिजे. परत गेलो. मग डायल करायला डब्ल्यूव्हीडायल लागतं ते आणलं, तर त्याला लिबडब्ल्यूव्हीस्ट्रीम्स पाहिजे, लिबयुनिकॉन्फ पाहिजे, लिबएक्सपीएलसी पाहिजे. एका पावण्याला बोलावलं तर त्याची आत्या, आत्याची जाऊ, जावेचा भाऊ सगळे बोलवा, नाहीतर तो मांडवात येणार नाही. तिसऱ्या खेपेला कॅफेवाला म्हणला, "सर, इथंच बसा ना कामाला."

चौथ्या दिवशी एलएसयूएसबी मारलं (यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी कमांड) आणि १२डी१:१४४६ च्या जागी १२डी१:१००१ आलं. हा आकडा मला माझ्या पहिल्या गाडीच्या नंबरपेक्षा पक्का पाठ आहे. १४४६ म्हणजे अजून सीडी, १००१ म्हणजे मोडेम झाला. मी ओरडलोच. घरचे धावत आले, त्यांना वाटलं शॉक बसला.

मग सेटिंगच्या फाईलमधी ती ओळ असायची, एटी क्यू झिरो व्ही वन ई वन एस झिरो इज इक्वल टू झिरो. मी ती अथर्वशीर्षासारखी म्हणायचो, अर्थ न कळता. नंतर एकदा अर्थ काढून बसलो. क्यू झिरो म्हणजे विचारलं की उत्तर दे. व्ही वन म्हणजे आकड्यात नको, शब्दात दे. ई वन म्हणजे मी काय म्हणलो ते परत म्हणून दाखव. आणि एस झिरो बरोबर झिरो म्हणजे फोन आला तर आपणहून उचलू नको. पावण्यांकडं नेताना पोराला दारातच बजावतात तसंच की हे! आणि प्रत्येक हुकमाच्या आधी एटी, अटेन्शन, इकडं लक्ष दे. १९८१ साली हेजच्या स्मार्टमोडेमनं ही भाषा आणली आणि माझं तीन इंचाचं डोंगल, ज्याच्यात ना वायर ना फोन, ते तीस वर्षांनी गंगाखेडात बसून त्याच हाकेला ओ देत होतं. आमचे मोठे काका असेच. वाक्य कुठलंही असो, सुरुवात "ऐकायलास का" नं. भाकरी वाढ म्हणायची असली तरी "ऐकायलास का, भाकर वाढ." ऐकायलो असं म्हणल्याशिवाय पुढचं बोलायचेच नाहीत.

तरीही लागंना. नंबर म्हणून *९९# फिरवायचं, पलीकडं कोणी माणूस नाही की यंत्र नाही, पण फिरवायचं, आणि ते पलीकडच्या लॉगिनची वाट बघत बसायचं, जे कधी येतच नाही. त्यावर उपाय होता, फाईलमधी एक ओळ वाढवायची: स्टुपिड मोड बरोबर १. मनानं लिहीत नाही, खरंच तेच नाव आहे. म्हणजे कशाची वाट बघू नको, काही विचारू नको, येड पांघरून पेडगावला नीघ. निघालं, आणि लागलं!

पुढची दोन वर्षं ते डोंगल खिडकीच्या गजाला एक्स्टेन्शन केबलवर लटकत होतं. एटी प्लस सीएसक्यू असं विचारलं की रेंज सांगायचं, शून्य ते एकतीस. आमच्याकडं सात. (९९ म्हणलं तर समजायचं की त्याचं त्यालाच माहीत नाही.) मागं स्टीलची परात उभी केली तर अकरा. पण संध्याकाळी भाकरीचं पीठ मळायला परात जायची, त्यामुळं आमच्या घरी नेट साडेसहापर्यंत. पुढं सात.

आणि त्या दिवसापासून माझ्या पेनड्राईव्हमधी एक फोल्डर आहे. नाव, तांब्या. मोडस्विच, डब्ल्यूव्हीडायल, त्याची सगळी आत्या-जाऊ मंडळी. पेनड्राईव्ह बदलले, कॉम्प्युटर बदलले, लॅंडलाईन गेली, फायबर आलं, पण नवीन पेनड्राईव्ह घेतला की पहिलं ते फोल्डर कॉपी करायचं, मग बाकीचं. बायकोला वाटायचं पूजेचं काहीतरी असेल.

तर काल मी अशा ऐटीत उठलो म्हणून सांगू. कपाटातनं पेनड्राईव्ह काढला, लावला, पोराला म्हणलं बघ, चौदापंधरा वर्षं सांभाळलंय. आणि एकही फाईल चालली नाही. सगळ्या जुन्या बत्तीस बिटच्या कॉम्प्युटरच्या, त्याचं लिनक्स नव्या चौसष्ट बिटचं. शिळं पाणी.

पोरगं बिचारं घाम पुसत म्हणलं, "काका, तुमच्या मोबाईलचं हॉटस्पॉट देताव का?"

शेजारणीचा तांब्या. दिलं. मोडस्विच अर्ध्या मिनटात उतरलं आणि बसलंसुद्धा, आत्या नाही जाऊ नाही. डोंगल काढून परत खुपसलं. सीडी गेली. आणि मी टर्मिनलची काळी खिडकी उघडून, बोटं मोडून, एटी म्हणायला बसलो तर कोपऱ्यात आपोआप आलं, वायर्ड कनेक्शन. ही नवीन डोंगलं मोडेम होतच नाहीत म्हणे, सरळ नेटवर्क कार्ड होतात. नंबर फिरवायचा नाही, हाक मारायची नाही, कोणी ओके म्हणणार नाही. लई हिरमोड झाला माझा, खोटं कशाला बोलू.

पण देव दयाळू. वेबसाईट उघडंना! आठ आठ आठ आठला, म्हणजे गूगलच्या एका आकडी पत्त्याला, पिंग जातंय, हाक पोचतीय, पण नावानं काही उघडत नाही. म्हणजे रस्ता आहे, फक्त पत्ता सांगणारा झोपलाय. मी तो पत्ता सांगणारा, म्हणजे डीएनएस, बदलला. पोरानं पोर्ट बदलला. मी त्याचीच रिझॉल्व्ह नावाची फाईल उघडून बघितली आणि न बदलता बंद केली. त्यानं वायफाय बंद केलं. मी म्हणलं दोन मिनटं कशालाच हात लावू नको. दोघं गप बसलो, घाम टपटप, भिंतीवरची पाल, बाहेर कुठंतरी कुल्फीवाल्याची घंटी, आणि मी त्या डोंगलकडं कान करून. माझ्या लक्षात आलं तेव्हा डावा हात वर होता.

आणि पान उघडलं.

कशानं लागलं? पोरानं विचारलं. आता काय सांगू. डीएनएसनं लागलं असेल, पोर्टनं लागलं असेल, नुसतं थांबल्यानं लागलं असेल. आज्जीला तरी कुठं माहीत होतं, सरकारी हापसा शिंपडल्यानं येतो का दांडा मारल्यानं. पोरगं स्पर्धा परीक्षेवालं, त्याला असं अर्धवट चालत नाही. त्यानं वही काढली आणि माझ्यासमोर मुद्दे लिहिले. मी चष्म्यावरून वाचलं. पहिलाच मुद्दा: पंखा बंद करणे.

मी काही बोललो नाही. चहा प्याला, गेला.

आज रात्री नऊला त्याचा फोन. रविवारपर्यंत दम निघाला नाही, आजच गेला गावाला. मागं बहिणीचा आवाज, कुत्रं, आणि ती शेतातली शांतता.

"लागलं काका. एका दमात लागलं."

"सगळं वहीप्रमाणं केलंस का?"

"केलो की. लाईट नव्हती, पंखा बंदच होता."

मी म्हणलं, मग बरोबर.