22 ची रिंग, 19 चा एक्सल: चेन का पडत होती ते सापडलं

माझ्या बीएमएक्स सायकलची चेन वारंवार पडत होती, त्यामागचा चोर सापडला. चेनही नाही, फ्रीव्हीलही (मागच्या चाकावरचं, उलटं मोकळं फिरणारं दातेरी चाक) नाही. स्प्रॉकेटच्या (पुढच्या दातेरी चाकाच्या) भोकातली रिंग 22 मिमीच्या एक्सलची आहे आणि क्रँकचा (पेडलच्या दांड्यांचा) एक्सल, म्हणजे मधला आस, 19 चा. मागच्या नोंदीत चेनवर घेतलेला सगळा आळ मागे.

सेटअप तोच: 44/16 (पुढे 44 दाते, मागे 16), एक सूत (1/8 इंच) रुंदीची चेन, मिड बीबी (क्रँकचा एक्सल फिरतो ते बेअरिंगचं घर; मिड हा त्याचा एक आकार), आठ स्प्लाइनचे (एक्सलवरच्या खाचांचे) थ्री-पीस क्रँक (दोन दांडे आणि एक्सल वेगवेगळे), मागे 110 मिमीचं हब (चाकाचा मधला भाग). तक्रारही तीच. चेन एका जागी तारेसारखी ताठ, अर्धा फेरा पुढे गेलं की लोंबायची. खालच्या चेनला मधोमध बोटाने दाबलं तर ताठ जागी 5 मिमी आणि सैल जागी जवळजवळ 30. 30 मिमी लोंबल्यावर चेन पडणारच, चेन ताणणारा टेन्शनर कितीही कसा.

चेन आधीच मोजून झाली होती. 24 कड्या म्हणजे बरोबर 12 इंच; त्यावर एक सूत वाढलं की चेन फेकायची. इथे अर्धं सूतही नाही. उरलं फ्रीव्हील की स्प्रॉकेट, आणि हे ओळखायला खडूच्या दोन खुणा पुरतात, एक क्रँकवर, एक मागच्या चाकावर. 44/16 ला क्रँकच्या एका फेऱ्यात चाक 2.75 फेरे घेतं. ताठ जागा क्रँकच्या खुणेशी दर फेऱ्याला तिथेच आली तर दोष पुढे. चाकाच्या खुणेबरोबर सरकत गेली तर मागे. इथे ती दर वेळी उजवा क्रँक घड्याळातल्या साधारण दोनच्या जागी असताना येते. म्हणजे स्प्रॉकेट.

स्प्रॉकेटचं भोक 23.8 मिमी, म्हणजे 15/16 इंच, आपल्या खरादवाल्याच्या (लेथवाल्याच्या) भाषेत साडेसात सूत. 19 किंवा 22 च्या एक्सलवर ते मधोमध बसावं म्हणून आत रिंग येते. स्प्रॉकेटच्या पाकिटात दोन्ही असायला हव्यात. या पाकिटात एकच होती, आणि ती कॅलिपर न लावता बसवली गेली. 3 मिमीची मोकळीक म्हणजे स्प्रॉकेट 1.5 मिमीने एका बाजूला झुकलं, आणि पूर्ण फेऱ्यात एक्सल ते एक्सल अंतर 3 मिमीने कमीजास्त झाल्यासारखा परिणाम. हाताने सेंटर करून क्रँक कसला तरी पहिल्या जोरात घसरतं. तेही करून झालं, दोनदा.

रिंग ऑनलाइन मागवायचा बेत होता. पण एवढ्याशा तुकड्यासाठी दोन आठवडे थांबायचं? त्यापेक्षा इथे इंदूरला पोलोग्राउंडमध्ये खरादवर पितळेची करून घेणं सोपं. बाहेरून 23.75, आतून 19.05, रुंदी स्प्रॉकेटच्या जाडीपेक्षा पाव मिमी कमी. हे पाव मिमी महत्त्वाचं: रिंग बाहेर डोकावली तर क्रँक रिंगला दाबतो आणि स्प्रॉकेट ढिलं राहतं. ॲल्युमिनियमचीही चालते, पण आपटून आपटून ती अंडाकृती होते. पितळ बरं.

कारागीर मशीनवर असतानाच दुसरं सुचलं: त्याच फेरीत स्पेसरही (एक्सलवर अंतर राखणाऱ्या कड्या) कापून घ्यावेत. चेनलाइनचं (पुढचे आणि मागचे दाते एका सरळ रेषेत आणण्याचं) भिजत घोंगडं होतंच. मागे हबच्या मध्यापासून फ्रीव्हीलच्या दात्यांचा मध्य 42 मिमी (110 चे अर्धे 55, वजा ड्रॉपआउटच्या, म्हणजे चाक बसतं त्या फ्रेमच्या खाचेच्या, आतल्या बाजूपासूनचे 13). पुढे सीट ट्यूबच्या (सीटखालच्या नळीच्या) मध्यापासून 45.5. साडेतीन मिमीचा फरक. आधी फ्रेम वाकडी नाही ना ते पाहिलं: एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत सुतळी ताणायची आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. अर्ध्या मिमीचाच फरक निघाला. तेव्हा दोष स्पेसरचाच.

उजवीकडे 6 मिमीचा स्पेसर होता. तो 3 चा केला आणि काढलेले 3 डावीकडे घातले. एकूण बेरीज बदलायची नाही, नाहीतर क्रँक कसल्यावर एकतर बेअरिंग चेपतील किंवा क्रँक आडवा हलेल. स्पेसर बेअरिंगच्या फक्त आतल्या रेसवर (कडीवर) टेकला पाहिजे. सीलला घासला की क्रँक जड फिरतो, आणि माणूस दोष ग्रीसला देतो. 44 दाती मोठं असल्याने चेनस्टेपाशीही (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीपाशी) पाहायचं: दात्यांपासून 7 मिमी जागा होती, आता 4. चालतं.

क्रँक उघडलेच होते म्हणून बेअरिंगही बदलली. हातोडीने ठोकू नका. सियागंज बाजारातून फूटभर आटेवाला रॉड, दोन नट आणि 40 मिमीचे जाड वॉशर आणायचे. वॉशर बाहेरच्या रेसवर टेकवून दोन्ही नट थोडेथोडे आवळत जायचं. दोन बेअरिंगांमधली नळी आत घालायला विसरलात तर सगळं परत बाहेर. सायकलच्या दुकानात 'मिड बीबीची बेअरिंग' मागू नका, तिथे कॉटरपिनवाल्या एक्सलचे छर्रे पुढे करतात. जुनं बेअरिंग घेऊन थेट बेअरिंगच्या दुकानात जा.

आता आकडे. पुढची चेनलाइन 42.5, मागची 42. खालच्या चेनची ढील ताठ जागी 8 मिमी, सैल जागी 14. उरलेला फरक फ्रीव्हीलच्या स्वतःच्या डुगडुगीचा. ताठ जागा आता चाकाच्या खुणेबरोबर सरकते. क्रँक उलटा फिरवला की फक्त फ्रीव्हीलची टकटक ऐकू येते. काय गोड आवाज आहे!

पण उजव्या पायाने जोर दिला की 'कट्' हा आवाज कायम आहे. पेडल काढून पुन्हा ग्रीस लावून कसले, स्प्लाइन साफ केल्या, एक्सलचे बोल्ट कसले, फरक शून्य. शेवटी स्प्रॉकेटचा बोल्ट काढला: क्रँकमधलं त्याचं भोक गोल राहिलेलं नाही. स्प्रॉकेट इतके दिवस त्या एका बोल्टभोवती डोलत होतं, त्याने भोक रुंदावलं. नवा बोल्ट घालून उपयोग नाही. भोक 10 मिमीचं करून आत 8 च्या बोल्टसाठी स्टीलची स्लीव्ह घालायची, हा पहिला विचार. पण क्रँकच्या त्या पट्टीत भोकाबाहेर धातू किती उरतो ते मोजल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. 5 मिमीपेक्षा कमी निघाला तर उजवा क्रँकच बदलायचा. तोवर गाडी फक्त सपाट रस्त्यावर, उड्या बंद.