पानिपत, चाचणी १९: सेनापती बदलला आणि गारदी उभे राहिले

विश्वासराव पडले, हुजुरात म्हणजे पेशव्यांची खास फौज फुटली, आणि तरीही डावीकडे गारदी, म्हणजे इब्राहिमखानाचं कवायती पायदळ, तब्बल सहा मिनिटं अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांशी झुंजत राहिले. ‘एम्पायर: टोटल वॉर’ या कॉम्प्युटर गेममध्ये पानिपतची लढाई उभी करून एवढं एक दृश्य पाहण्यासाठी मी पावसाळ्यापासून धडपडतोय. सतराव्या चाचणीनंतर तर पानिपताचं फोल्डरच बंद करून ठेवलं होतं.

अडचण तुम्हाला माहीत आहेच. एम्पायरमध्ये सेनापती मेला की सगळ्या फौजेचं मोराल, म्हणजे लढायचा धीर, एकदम खाली येतं. मी भाऊंना हत्तीवर बसवून सेनापती केलं होतं. हत्ती लांबूनच दिसतो, त्यामुळे अब्दालीचा वजीर शहावलीखान याचे बंदूकवाले सगळं सोडून त्याच्यावरच तुटून पडायचे. बाराव्या मिनिटाला हत्ती आडवा, पंधराव्याला डावी, मधली, उजवी अशा तिन्ही फळ्यांवर पांढरी निशाणं, म्हणजे सगळे पळत सुटलेले. १४ जानेवारी १७६१ ला असं झालं नव्हतं. सकाळभर गारद्यांनी रोहिल्यांची कत्तल चालवली होती, आणि उजवीकडचे शिंदे-होळकर तर बराच वेळ लढाईत पुरते उतरलेच नव्हते.

म्हणून सगळ्यांचं मोराल वाढवून पाहिलं. मग कुणीच पळेना. होळकरांचं पथक शेवटच्या घोडेस्वारापर्यंत लढत राहिलं, आणि मल्हारराव तर रणांगणातून निघून गेले होते! पुन्हा आकडे खाली आणले, तर पुन्हा पंधरावं मिनिट. दोन महिने याच फेऱ्यात गेले.

परवा युनिटच्या आकड्यांचा टेबल उघडला असताना डोक्यात आलं की मोहिमेचे नावाचे सेनापती विश्वासरावच होते. पेशव्यांचा थोरला मुलगा म्हणून मान त्यांचा, कारभार भाऊंचा. मग गेममधला सेनापती विश्वासरावच का नको? ते घोड्यावर, हुजुरातीच्या मागच्या रांगेत. भाऊ हत्तीवर, पण साधं युनिट म्हणून. हत्ती पडला तर हुजुरात डगमगते, विश्वासराव पडले तर सगळी फौज हादरते. हे इतिहासाच्या जास्त जवळ आहे, कारण विश्वासराव गेल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून लोकांचा धीर सुटला.

सोबत गारदी, हुजुरात, शिंदे आणि होळकर यांची चार वेगळी युनिटं केली. आधी चौघेही टेबलातल्या एकाच ओळीवर, म्हणजे एकाच आकड्यांवर, चालत होते, ती चूक माझीच. आता गारद्यांचं मोराल सर्वांत वर, होळकरांचं सर्वांत खाली. हे काम मी आरपीएफएममध्ये (गेमच्या फायली बदलायचा प्रोग्रॅम) केलं. ओळी कॉपी करायला सोपं आहेच, शिवाय एखादं नाव चुकलं तर ते लगेच लाल करून दाखवतं. पीएफएम या त्याच कामाच्या जुन्या प्रोग्रॅमवर अडून बसलेल्यांनी एकदा वापरून बघाच.

काल रात्री रीप्ले अर्ध्या वेगाने तीनदा पाहिला. गारद्यांची पहिली रांग गुडघ्यावर, मागची उभी, धूर इतका की पलीकडचे रोहिले दिसेनासे झाले. मधली फळी मोडल्याचा शिंग वाजला, आणि तेवढ्यात धुरातून आणखी एक सरबत्ती निघाली! मी खुर्चीतून उठलोच.

भुकेचा प्रश्न मात्र उरलाय. नोव्हेंबरपासून रसद तुटलेली, घोड्यांना दाणा नाही. फौज सुरुवातीपासूनच थकलेली दाखवायची सोय मला सापडलेली नाही. मराठ्यांची मांडणी नकाशाच्या टोकाला नेऊन त्यांना पळवत आणायचं ठरवलं होतं, म्हणजे भिडण्याआधीच ‘थकलेले’ दिसतील. पण लिहिता लिहिता जाणवतंय की त्याने गारद्यांच्या तोफा मागे राहतील, आणि तोफांशिवाय डावी बाजू कसली! त्यापेक्षा फक्त घोडदळाचाच दम कमी करतो. हाल झाले ते घोड्यांचेही, आणि पायदळाची रांगही मोडणार नाही.

अब्दालीची जंबुरक पथकं, म्हणजे उंटांवरच्या छोट्या तोफा, अजून आपल्याच पायदळाच्या पाठीत गोळ्या घालतायत. अब्दालीच्या उंटांनी पुढच्या फौजेच्या डोक्यावरून मारा केला होता, म्हणून त्यांना उखळी तोफेसारखा उंच कोन देऊन पाहणार आहे. कुणी उंटाच्या युनिटला असा कोन दिला असेल तर आकडे टाका. विसावी चाचणी त्यावरच.