माझी पहिली फुल सस्पेन्शन सायकल : माझं वजन ५४ किलो, मुक्काम वेताळ टेकडी

पुण्यात फुल सस्पेन्शन एमटीबी, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी डोंगरवाटांची सायकल, घ्यायची म्हटलं की निम्मे लोक विचारतात, "इथे कशाला हवी?" उरलेले सांगतात, "अगं, डबल शॉकरवाली पंधरा हजारांत मिळते की!" या दोन्हींना नीट उत्तर देता येईपर्यंत पैसे काढायचे नाहीत, असं मी ठरवलं होतं.

आधी गरज. माझी जुनी सायकल हार्डटेल होती, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. १०० मिमी दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी दांडा), आत लोखंडी स्प्रिंग. माझी रोजची जागा वेताळ टेकडी. तिथे मुरूम, सुटे काळे दगड आणि पावसाने माती वाहून गेल्यामुळे उघडी पडलेली झाडांची मुळं. उतारावर हार्डटेल चालवता येते. पॅडलवर उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे, की भागतं. माझी खरी अडचण चढावर होती. बसून पॅडल मारत असताना मागचं चाक दगडावर आपटून उडालं की पकड सुटते, पॅडल रिकामं फिरतं आणि पाय टेकावा लागतो. मागे सस्पेन्शन असेल तर चाक दगडावरून वर जाऊन लगेच खाली येतं, जमीन सोडत नाही. फुल सस (फुल सस्पेन्शन) म्हटलं की सगळे उतारांबद्दल आणि उड्यांबद्दल बोलतात. चढावर मिळणाऱ्या या पकडीबद्दल फार कमी जण बोलतात. माझ्यासाठी तेच मुख्य कारण होतं.

आता पंधरा हजारांची डबल शॉकर. तिच्या मागच्या शॉकमध्ये बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते, डॅम्पिंग नसतंच. डॅम्पिंग म्हणजे आतल्या तेलाने स्प्रिंगचा वेग आवरणं. ते नसेल तर दाबलेली स्प्रिंग तेवढ्याच जोराने परत फेकते, आणि उतारावर ही फेक थेट बसणाऱ्याला बसते. चढावर प्रत्येक पॅडलला सायकल खाली-वर होते ते वेगळंच. वजनही भरपूर. तेवढ्याच पैशात साधी, चांगल्या ब्रेकची हार्डटेल घ्यावी, हे मी कुणालाही सांगेन.

जुन्या सायकलीलाच चांगला फोर्क बसवावा का, हेही पाहिलं. पण तिची हेड ट्यूब, म्हणजे फ्रेमची फोर्क बसतो ती पुढची नळी, सरळ होती आणि आजचे चांगले फोर्क जवळजवळ सगळे टेपर्ड स्टीअररचे, म्हणजे वरचा दांडा खाली जाड होत जाणारे, येतात. ते सरळ नळीत बसत नाहीत. फोर्क मिळाला असता तरी तो जास्त लांब असता. त्याने पुढची बाजू उचलली जाते, हँडलचा तोल बिघडतो आणि ज्या लांबीसाठी फ्रेम बनवली त्यापेक्षा जास्त ताण तिच्यावर येतो. तो विचार तिथेच संपला.

मग ट्रॅव्हल किती, म्हणजे सस्पेन्शनमुळे चाक किती मिमी वर-खाली हलू शकतं, हा प्रश्न. क्रॉस-कंट्रीच्या सायकलींना साधारण १०० ते १२० मिमी, ट्रेल सायकलींना १२० ते १५०, एंड्युरोला (अवघड, लांब उतारांच्या सायकलींना) १५० ते १७० आणि निव्वळ डाउनहिलच्या सायकलींना २०० च्या आसपास. कागदावर वाचताना मोठा आकडा चांगला वाटतो. एका मैत्रिणीकडे १५० मिमीची होती. तिच्या शॉकमध्ये स्प्रिंगचं काम हवा करते. तिने एका रविवारी ती दिली आणि शॉकमधली हवा माझ्या वजनाप्रमाणे कमीही करून दिली. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक रबरी रिंग असते. शॉक दबला की रिंग खाली सरकते आणि तिथेच थांबते, त्यामुळे सर्वांत जास्त दबला तो किती हे नंतर बघता येतं. मी टेकडीवरच्या माझ्या ठरलेल्या वाटेने पूर्ण फेरी मारली, सगळ्यात मोठ्या दगडी पायरीवरूनही उतरले, आणि खाली येऊन पाहिलं तर रिंग दोन तृतीयांशाच्या जरा अलीकडेच थांबलेली. त्यापुढचं सगळं ट्रॅव्हल मी वापरलंच नव्हतं. त्याचं वजन मात्र चढावर पूर्ण वाहून नेलं होतं. मागे १२० आणि पुढे १३०, हा आकडा तेव्हाच नक्की झाला.

साइजचा प्रश्न माझ्यासारख्या कमी उंचीच्या लोकांनी जास्त मनावर घ्यायला हवा. माझी उंची १५८ सेंटिमीटर. २९ इंची चाकं वेगाला आणि दगडांवरून जायला उत्तम, पण छोट्या फ्रेमवर शॉक पूर्ण दबला की मागचं टायर सीटच्या फार जवळ येतं, आणि उतारावर सीट खाली घेऊन मागे सरकायचं असतं नेमकं तेव्हा. म्हणून काही कंपन्या लहान साइजना २७.५ ची चाकं देतात. मी एस साइज निवडली, चाकं २७.५. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे बोटाने कळ दाबली की सीट खाली जाते तो पाइप, फ्रेममध्ये पूर्ण आत जातोय का तेही पाहिलं. सीट ट्यूबमध्ये, म्हणजे फ्रेमच्या सीटखालच्या नळीत, वाक असेल तर तो अडतो आणि आखूड पायांच्या माणसाला सीट पुरेशी खाली मिळत नाही.

लिंकेजवर, म्हणजे मागचं चाक फ्रेमला जोडणाऱ्या सांध्यांच्या रचनेवर, मात्र मी फार थांबले नाही. जायंटचं माएस्ट्रो, सांता क्रूझचं व्हीपीपी, ट्रेकचं एबीपी, बऱ्याच कंपन्यांनी घेतलेली हॉर्स्ट लिंक, यावर कितीही वेळ वाचत बसता येतं. फरक आहेत, पण पहिल्या फुल सससाठी हवेचा दाब चुकीचा असणं हे लिंकेजच्या फरकापेक्षा कितीतरी मोठं प्रकरण आहे.

जुनी घेता येईल का म्हणून बावधनला एक पाहायला गेले होते. दिसायला सुरेख, रंगाला ओरखडासुद्धा नाही. मी पुढचा ब्रेक दाबून ठेवला, सीटला मागून धरलं आणि सायकल अगदी अर्धा इंच उचलायला लागले. चाक जमीन सोडायच्या आधीच हाताला बारीकसं 'टक्' जाणवलं. दुसऱ्या हाताची बोटं सांध्यांवर ठेवून परत उचललं, तर खालच्या पिव्हटला (मागचा भाग ज्यावर फिरतो त्या सांध्याला) खेळ होता. बेअरिंग गेलेले. बेअरिंग बदलता येतात, पण शॉकची सर्व्हिस शेवटची कधी केली हे मालकांना आठवत नव्हतं आणि दांड्यावर नखाला लागेल असा एक चरा होता. असा चरा सील कापतो, मग हवा टिकत नाही. किंमत कमी करायला ते तयार होते, तरी मी नाही म्हटलं.

नव्या सायकलीसाठी दुकानं फिरताना मी किमतीच्या आधी एक गोष्ट विचारायची : "शॉकची सर्व्हिस तुम्ही इथे करता की बाहेर पाठवता? सील किट असतं का तुमच्याकडे?" एका ठिकाणी सांगितलं, कंपनीकडे पाठवू, किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. म्हणजे ऐन हंगामात सायकल भिंतीला टेकून. शेवटी जिथे घेतली तिथे मेकॅनिकने कपाट उघडून माझ्याच मॉडेलच्या शॉकचं किट काढून दाखवलं. सायकलींवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा या किमतीत बरा फरक पडला. तरीही नीट डॅम्पिंग असलेली फुल सस घ्यायला लाखाच्या बऱ्याच पुढे जावं लागतं, हे आधीच धरून चालावं.

सगळ्यात महत्त्वाचा भाग सायकल हातात आल्यावरचा. मेकॅनिकदादा म्हणाले, "ताई, रोज जशा जाता तशाच बसा. बूट, हेल्मेट, पाण्याची बॅग, सगळं." भिंतीला कोपर टेकून बसले, रिंग सीलपर्यंत वर सरकवली, हळूच उतरले आणि पट्टीने मोजलं. मागचं चाक १२० मिमी वर येतं तेव्हा माझ्या शॉकचा दांडा ४५ मिमी दबतो. नुसतं बसल्यावर त्यातले ३० टक्के, म्हणजे साडेतेरा मिमी दबले पाहिजेत. यालाच सॅग म्हणतात. १४० पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) साडेनऊच मिमी आले. थोडी हवा सोडायची, शॉक चार-पाच वेळा दाबायचा म्हणजे आतले दोन्ही कप्पे समान होतात, परत मोजायचं. असं करत १०५ ला १३ च्या आसपास आलो. मग रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत येतो ते ठरवणारी, लाल चकती. एका टोकाला कासव (हळू), दुसऱ्या टोकाला ससा (भरभर). हवा कमी म्हणजे शॉकला परत ढकलणारा जोरही कमी, म्हणून हलक्या माणसाला चकती सशाच्या बाजूला जवळजवळ पूर्ण फिरवावी लागते. कारखान्यातली मांडणी सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला धरून असते. ५४ किलोची बाई त्यावर बसली तर तिला वाटतं फुल सस अशीच कडक असते, आणि पैसे वाया गेले.

फोर्कचं तसंच झालं. सॅग बरोबर, पण शेवटचे ३० मिमी कधी वापरलेच जात नव्हते. दादांनी वरची टोपी उघडून आतला प्लास्टिकचा टोकन, म्हणजे हवेची जागा अडवणारा तुकडा, काढला. त्याने हवेची जागा वाढते आणि शेवटचा टप्पा मऊ होतो. आता त्याच दगडी पायरीवर रिंग टोकापासून बोटभर अलीकडे थांबते, आणि ती तिथेच हवी. टायर ट्यूबलेस केली, त्यात हवा २१ पीएसआय ठेवते. चढावर पाय टेकायची वेळ आता क्वचित येते. मागचं चाक दगडावरून जाताना खाली काहीतरी हललं एवढंच कळतं.

टेकडीवर सकाळी चालणारे, आजी-आजोबा, कुत्री, सगळे असतात. सस्पेन्शनमुळे वेग नकळत वाढतो, म्हणून माणूस दिसला की मी उतरूनच जाते. ओल्या मातीत चाकं नेत नाही, वाट खचते. आणि धुताना जेटचं पाणी पिव्हटवर कधीच मारत नाही. बादली, ब्रश, फडकं. फोर्क-शॉकच्या पुस्तिकेत दर ५० तासांनी सील आणि तेलाची सर्व्हिस सांगितली आहे. त्याचा हिशोब फोनमध्ये ठेवते आणि पावसाळ्याआधीची तारीख दुकानात घेऊन ठेवली आहे.

पुण्यात कुणाला एस साइजवर बसून बघायचं असेल तर टेकडीवर भेटल्यावर जरूर थांबवा. शॉक पंप बॅगेत असतो. तुमच्या वजनाची हवा भरूनच फेरी मारा.