निवडणुकीच्या बातम्या सेकंदांत मोजताना

निवडणुकीच्या काळात एका नागरिक गटासोबत मी वृत्तवाहिन्यांच्या बातम्या मोजायचं काम केलं. अक्षरशः मोजायचं. संध्याकाळचं मुख्य बातमीपत्र रेकॉर्ड करायचं आणि कोणत्या पक्षाला किती सेकंद मिळाले ते तक्त्यात भरायचं. युरोपातल्या ओएससीई या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेची निरीक्षक पथकं निवडणुकांत हेच करतात. फ्रान्समध्ये तर उमेदवार किती वेळ बोलले याचा हिशेब वाहिन्यांना नियामकाकडे द्यावा लागतो.

सेकंद मोजणं तसं सोपं. एका वाहिनीवर दोन्ही मोठ्या पक्षांचे आकडे जवळपास सारखे आले, तेव्हा गटातले बरेच जण म्हणाले, ही वाहिनी निःपक्षपाती. मला पटेना. मी त्या दिवसाची दोन पॅकेजेस, म्हणजे दृश्यं आणि निवेदन जोडून तयार केलेल्या दोन बातम्या, पुन्हा लावून पाहिली. पहिल्यात नेता मंचावरून बोलतोय, त्याची वाक्यं पूर्ण ऐकू येतात, मागे खच्चून गर्दी. दुसऱ्यात नेत्याचे नुसते ओठ हलतात, आवाज वार्ताहराचा. त्याचं म्हणणं वार्ताहराच्या शब्दांत कळतं आणि शेवटचा बाइट, म्हणजे बोलण्याचा तुकडा, प्रतिस्पर्धी पक्षाच्या प्रवक्त्याचा. सेकंद मात्र सारखेच!

मग आम्ही ‘स्वतःच्या आवाजात’ असा वेगळा रकाना केला. डॅनियल हॅलिन या अमेरिकी अभ्यासकाने दाखवून दिलं होतं, की तिथल्या टीव्ही बातम्यांत अध्यक्षपदाच्या उमेदवाराचं सलग बोलणं १९६८ मध्ये सरासरी ४३ सेकंद ऐकवलं जायचं. १९८८ मध्ये ते ९ सेकंदांवर आलं. उरलेलं सगळं पत्रकार सांगणार. म्हणून तर ते नऊ सेकंद कोणाच्या वाट्याला येतात हे बघायलाच हवं.

खरा कस लागला तो सूर ठरवताना. सकारात्मक, तटस्थ की नकारात्मक? प्रत्येक बातमी दोघांनी वेगवेगळी तपासायची आणि मग ताडून पाहायची. माझ्या जोडीला एक निवृत्त शिक्षक होते. एका उमेदवारावर गुन्हा दाखल झाल्याची बातमी त्यांनी नकारात्मक लावली होती.

“काका, घडलं ते सांगितलंय फक्त. नकारात्मक कसं?”

“अगं, पण ऐकणाऱ्याच्या मनात काय राहणार?”

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. शेवटी ठरलं की बातमी कोणाला अडचणीची आहे ते एका रकान्यात आणि ती कशी सांगितली ते दुसऱ्यात. ‘गुन्हा दाखल झाला’ हे सांगणं तटस्थ. ‘अखेर पितळ उघडं पडलं’ म्हटलं की नकारात्मक. या नियमानंतर आमचे तक्ते बरेच जुळायला लागले.

मंत्रीच उमेदवार असेल तर आणखी पेच. पुलाचं उद्घाटन करताना तो मंत्री की उमेदवार? आम्ही सरकारची ओळ वेगळी ठेवली आणि भाषणात मतं मागितली की तेवढे सेकंद पक्षाच्या खात्यात टाकले. माझ्या मते पक्षपात सर्वांत जास्त इथेच मुरतो, कारण ‘ही सरकारी बातमी आहे’ असं कोणताही संपादक प्रामाणिकपणे म्हणू शकतो. पडद्याखालची पट्टी आम्ही सोडून दिली, तेवढी माणसंच नव्हती.

छोट्या पक्षांना किती वेळ द्यावा यावर गटात एकमत झालं नाही. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामकाचे नियम आधीचा आणि सध्याचा जनाधार बघायला सांगतात. मला ते रास्त वाटतं, पण नव्या पक्षाकडे आधीचा जनाधार येणार कुठून?

अहवाल आम्ही त्या वाहिनीला पाठवला. उत्तर आलं, की ज्या पक्षाच्या नेत्याचा आवाज ऐकवला नव्हता, त्या पक्षाने मुलाखतीला नकार दिला होता. असेलही, पण प्रेक्षकाला ते कधी सांगितलं नव्हतं. मी तारीख, वेळ आणि सेकंदांसह बातम्यांची यादी पाठवली. त्यानंतर काही बातम्यांच्या शेवटी ‘संपर्क साधला, प्रतिसाद मिळाला नाही’ हे वाक्य यायला लागलं. ‘स्वतःच्या आवाजात’चे आकडे मात्र मतदानापर्यंत फारसे हलले नाहीत.