न्यूफाउंडलंडचा कॉड: पकडला कुणीही, वाळवला तोच टिकला

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर जॉन गाय या इंग्रज व्यापाऱ्याने १६१० साली क्यूपर्स कोव्हला वसाहत थाटली. त्या खडकाळ किनाऱ्यावर कॉड माशाला तोटा नव्हता. वर्षाची कमाई बुडायची ती समुद्रात नव्हे, वाळवणात.

होडी लागायची ती पाण्यात खांबांवर उभारलेल्या लाकडी शेडला. आत टेबल. पहिला माणूस माशाचा गळा कापून पोट उघडायचा. दुसरा यकृत काढून पिंपात टाकायचा आणि टेबलाच्या कडेवर दाबून मुंडकं मोडायचा. (पिंपातली यकृतं उन्हात कुजून तेल वर यायचं. वास असह्य, पण तेलाला गिऱ्हाईक होतं.) खरा कसबी तिसरा. तो कण्याचा मुंडक्याकडचा भाग सुरीने उचलून काढायचा आणि शेपटीकडचा तसाच ठेवायचा, म्हणजे मासा पसरट उघडतो पण फाटत नाही. कण्यालगत रक्त राहिलं की तिथून मासा खराब होणार, हे ठरलेलं.

मग मीठ. कातडी खाली, मांस वर, थरावर थर. जाड भागावर मीठ जास्त, शेपटीकडे चिमूटभर. कमी पडलं तर मासा बुळबुळीत होतो, जास्त झालं तर भाजल्यासारखा कोरडा होऊन तुटतो. मिठातून काढून धुवायचा, रचून पाणी निथळू द्यायचं आणि मगच माचावर घालायचा.

माच म्हणजे खांबांवर आडव्या काठ्या आणि वर झाडाच्या फांद्या, खालून वारा खेळावा म्हणून. कॉड मुळात वाऱ्यावर वाळतो. कडक ऊन लागलं तर मांस शिजून कातडीपासून सुटतं आणि माल वाया जातो. म्हणून ऊन तापलं किंवा पावसाचा थेंब पडला की बायका-मुलं माचाकडे धावायची. रात्री कातडी वर करून छोटे ढीग. काही दिवसांनी मोठी गोल रास घालायची; दाबाने आतला ओलावा बाहेर येतो, मग पुन्हा पसरायचा. हा टप्पा गाळला तर वरून खडखडीत दिसणारा मासा आत ओलाच राहतो.

शरद ऋतूत व्यापाऱ्याचा पारखी एकेक मासा हाताळून प्रत लावायचा. हलका माल वेस्ट इंडिजच्या मळ्यांवर, गुलामांच्या जेवणासाठी जायचा. मोजमाप ११२ पौंडांच्या क्विंटलमध्ये. वसंतात उधारीवर घेतलेलं मीठ, पीठ, गळ आणि दोर या मालातून वळते व्हायचे. प्रत एक पायरी उतरली की उधारी पुढच्या वर्षावर जायची, आणि ते पुढचं मीठही त्याच व्यापाऱ्याकडून घ्यावं लागायचं.