चित्रपटांसाठी संगणक जोडताना : 23 की 24?

2017 च्या दिवाळीत आमच्या डोंबिवलीच्या घरी 40 इंची फुल एचडी टीव्ही आला. त्याला पेनड्राइव्ह लावला की काही फायली नीट चालत, काहींचे चित्र दिसे पण आवाज येत नसे, तर काही उघडतच नसत. हौसेने घेतलेल्या ब्लू-रे डिस्क कपाटात पडून होत्या त्या वेगळ्याच. ब्लू-रे प्लेअर घेतला असता तर डिस्कचा प्रश्न सुटला असता, पण फायलींचा तसाच राहिला असता. म्हणून दोन्ही कामे करील असा छोटा संगणक स्वतःच जोडायचे मी ठरवले.

सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असले, तरी ग्रँट रोडला उतरून कोणी त्या नावाने पत्ता विचारत नाही.) महागडा प्रोसेसर घ्या, असा आग्रह दोन दुकानांत झाला, परंतु या कामाला त्याची गरज नसते. ब्लू-रेवरील चित्राची माहिती सेकंदाला जास्तीत जास्त 40 मेगाबिट इतक्या वेगाने येते आणि ती उलगडण्याचे काम ग्राफिक्सच्या भागातील त्यासाठीच राखलेले सर्किट करते; प्रोसेसरचा मुख्य भाग त्या वेळी जवळजवळ रिकामाच असतो. इंटेलच्या सातव्या पिढीतील स्वस्त पेंटियम जी4560 मध्येही हे सर्किट होते आणि ते एचईव्हीसी या जास्त दाबून साठवण्याच्या पद्धतीच्या 10 बिटी (रंगांच्या अधिक छटा असलेल्या) फायलीही उलगडू शकत होते, त्यामुळे मी तोच घेतला. सोबत 17 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, 4 जीबी रॅम, 120 जीबी एसएसडी, 2 टीबीची हार्ड डिस्क आणि टीव्हीखालच्या कप्प्यात आडवे मावेल असे कॅबिनेट घेतले. सगळे मिळून सुमारे 26,000 रुपये झाले.

रविवारी दुपारी सर्व भाग बसवून बटण दाबले, तर पंखा फिरला पण पडदा काळाच राहिला. रॅम काढून पुन्हा बसवली, वायरी तपासल्या, शेजाऱ्यांचा मॉनिटर आणून पाहिला, फरक पडेना. मदरबोर्ड मुळात सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी निघालेला होता आणि त्यातील बायॉस (संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) जुनेच असल्याने त्याला नवा प्रोसेसर ओळखता येत नव्हता. बायॉस अद्ययावत करायचे, तर आधी जुना प्रोसेसर लावून बोर्ड सुरू करावा लागतो आणि तो घरी असण्याचे काही कारण नव्हते. पुन्हा लोकलने ग्रँट रोड गाठला. दुकानदाराने सहाव्या पिढीचा प्रोसेसर लावून दहा मिनिटांत काम उरकले. विकतानाच ते केले असते, तर माझी एक रजा वाचली असती.

आवाजाचा बंदोबस्त त्यामानाने सोपा गेला. बायॉसमध्ये पंख्याचा वेग कमी केला आणि सुताराकडून कप्प्याच्या मागच्या प्लायला हातभर लांबीची खाच पाडून घेतली, त्यामुळे गरम हवा कोंडायची थांबली. तरीही रात्री शांत प्रसंगांत एक बारीक घरघर ऐकू येई. हार्ड डिस्कची थरथर लाकडात उतरून हा आवाज येत होता. जुन्या रबरी स्लीपरचे चार तुकडे कापून कॅबिनेटच्या पायांखाली ठेवले आणि घरघर गेली.

खरा छळ चित्राने मांडला. रंग, बारकावे सगळे उत्तम. पण कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश वळू लागला की माडांची रांग सरकण्याऐवजी हिसके देत पुढे जाई. आईला ते दिसत नव्हते, मला मात्र दुसरे काही दिसेनासे झाले. चित्रपटात सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, असतात आणि विंडोज टीव्हीला 60 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 60 वेळा, चित्र पाठवत होते. 60 ला 24 ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, अशी लंगडी चाल पडते. मी टीव्ही 24 हर्ट्झवर टाकला आणि माडांची रांग गुळगुळीत सरकू लागली.

हे समाधान मिनिटभरही टिकले नाही. मध्येच एक बारीक ठेच लागली, थोड्या वेळाने आणखी एक. घड्याळ लावून पाहिले, तर दोन ठेचांत चाळीसेक सेकंदांचे अंतर होते. अमेरिकेने 1953 मध्ये रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत ठरवताना रंगाचा संकेत सामावून घेण्यासाठी फ्रेमचा वेग हजारात एक भागाइतका उतरवला. त्याच हिशेबाने बहुतेक ब्लू-रेंवर चित्रपट 24 ऐवजी 23.976 फ्रेमने नोंदलेला असतो. ही तूट साठत जाऊन सुमारे दर 42 सेकंदांनी एक फ्रेम पुन्हा दाखवावी लागते. विंडोजच्या यादीत 24 च्या वर ‘23 हर्ट्झ’ असा एक पर्याय होता आणि तो निरुपयोगी समजून मी सोडून दिला होता. प्रत्यक्षात तोच 23.976 होता, विंडोज केवळ दशांश गाळून दाखवत होते. तो निवडला आणि ठेचा थांबल्या. पुढे कोडी या चित्रपट लावायच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये, चित्रपट सुरू होताच टीव्हीचा वेग आपोआप बदलेल, अशी सोय सापडली. त्यासाठी सुरुवातीला पडदा दोन सेकंद काळा होतो. 25 फ्रेमच्या डीव्हीडीला ते 50 हर्ट्झ लावते. ब्लू-रेसाठी मात्र परवान्याचे वेगळे प्लेअर सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागले.

संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतात, ही आईची तक्रार रास्त होती. 5.1, म्हणजे सहा स्पीकरसाठीचा, आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरवर उतरवताना संवादांचा मधला भाग दबतो; कोडीत आवाजाची पातळी 6 डेसिबलने वाढवल्यावर ती तक्रार मिटली. बाबांनी वायरलेस कीबोर्डला मात्र हात लावायला साफ नकार दिला, “सिनेमा बघायला टायपिंग कशाला शिकायचं?” म्हणाले. यूएसबीत लावायचा इन्फ्रारेड रिसीव्हर आणून त्याला एका जुन्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट शिकवला. त्यातील लाल बटण दाबले की संगणक झोपतो. एवढे एकच बटण बाबांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर ‘बंद’ लिहून खूण करून ठेवले आहे.