गणेशखिंडीचे गव्हर्नमेंट हाउस

पुणे विद्यापीठाच्या प्रवेशद्वारातून आत शिरले की चौकातील वाहनांचा गलबला मागे पडतो, दुतर्फा जुन्या झाडांची सावली लागते आणि थोड्या वेळाने मुख्य इमारतीचा उंच मनोरा झाडांच्या शेंड्यांवर दिसू लागतो. पावसाची उघडीप मिळालेल्या एका सकाळी मी केवळ ही इमारत पाहण्यासाठी तेथे गेलो. घडीव करड्या दगडाच्या भिंती पावसाने काळवंडल्या होत्या, कमानींच्या खालच्या थरांवर हिरवट शेवाळ धरले होते.

इमारत पावसाळ्यासाठीच बांधलेली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास मुक्कामाला येत; पूर्वी त्यांचे निवासस्थान दापोडीस होते. त्या वेळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी गणेशखिंडीत नवे निवासस्थान उभारण्याचे ठरवले आणि १८६४ मध्ये जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार काम सुरू झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते, त्या भरभराटीच्या दिवसांतला हा बेत. युद्ध संपताच कापसाचा बाजार कोसळला, बांधकाम मात्र चालूच राहिले आणि त्यावरील उधळपट्टीबद्दल पुढे बरीच टीका झाली. काम १८७१ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा फ्रिअर पद सोडून जाऊन चार वर्षे झाली होती.

ज्या परिसरात हे घर उभे राहिले, तेथूनच ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखले यांच्या सेनापतित्वाखाली पेशव्यांची फौज खडकीच्या लढाईत इंग्रजांवर चालून गेली होती. पराभूत राज्याच्या रणभूमीलगत विजेत्यांनी आपला प्रासाद बांधला, हे मला विसरता येत नाही.

त्याहून अधिक मन अडकते ते २२ जून १८९७ च्या रात्रीपाशी. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाल्याबद्दल येथे समारंभ होता. शहरात त्याच वर्षी प्लेगने हाहाकार माजवला होता. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेत होते, देवघरे आणि माजघरेही त्यातून सुटली नव्हती. अशा दुखावलेल्या शहराच्या वेशीवर मेजवानी झडावी, हा निर्दयपणाच होता. समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्यांच्या मागच्या गाडीतले लेफ्टनंट आयर्स्ट गोळी लागून जागीच ठार झाले, रँड ३ जुलैला मरण पावले. दामोदर चापेकर १८९८ मध्ये फासावर गेले, बाळकृष्ण आणि वासुदेव पुढल्या वर्षी. मी इमारतीपासून त्या रस्त्यापर्यंत मुद्दाम पायी गेलो; रस्ता रुंद झाला, गजबजला, तरी घर आणि रस्ता यांच्यातले अंतर पायांखालून गेल्याशिवाय तो प्रसंग मनात उभा राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने ही वास्तू आणि भोवतीची ४०० एकरांहून अधिक जमीन नव्या विद्यापीठाच्या पदरात पडली. १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले; पहिले कुलगुरू होते डॉ. मुकुंदराव जयकर, ज्यांचे नाव आज येथील ग्रंथालयास आहे. एका माणसाच्या मुक्कामासाठी राखलेला हा परिसर हजारो मुलामुलींच्या शिक्षणास मोकळा झाला, आणि २०१४ पासून विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. इमारतीत आज कुलगुरूंचे कार्यालय असल्याने आत सहज फिरता येत नाही. बाहेरून मात्र तिला पुरती प्रदक्षिणा घालावी, कारण प्रत्येक बाजूने तिचा घाट वेगळा दिसतो.